उजेडाची आणेवारी

माझं अक्षर उतरणीला लागलेल्या गाडीसारखं आहे. ओळीच्या सुरुवातीला नीट निघतं आणि शेवटाला बांधावरून खाली जातं. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जेवढं आलं तेवढंच. पाचवीत ते पक्कं होतं म्हणतात, पण पाचवीत मी गेलेच नाही. तेव्हा वाचणाऱ्याने आधीच माफ करावं.

हे लिहायला केतकीताईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, मावशी, दिवाळी अंकात लोक आपल्या नोकरीबद्दल लिहितात, तुम्हीही लिहा. मला चारचौघींत बोलायचं झालं तरी मी मागच्या ओळीत जाऊन बसते. म्हणून आधी घरातच, दार लोटून लिहिते आहे. पाठवायचं की नाही ते लिहून झाल्यावर बघू.

मी वडिवळ्याची. कामशेतहून लोकलने लोणावळ्याला कामाला जाते. कुठे, असं कोणी विचारलं तर ‘ऑफिसात’ म्हणून गप्प बसते, कारण पुढचं सांगायला गेलं की स्टेशन येतं आणि सांगणं अर्धं राहतं. आमचं ऑफिस एका चिक्कीच्या दुकानावर आहे. तिथे अजून न बांधलेल्या घरांची चित्रं बनतात. बघणाऱ्याला फोटोच वाटावा अशी. केतकीताई त्याच्या मालकीण. माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत, पुण्यात गणित शिकल्या. निखिलदादा फोटो काढतात आणि कंप्युटरवर घरं उभी करतात. मी झाडलोट आणि चहाला लागले होते.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. पडद्यावर एका दिवाणखान्याचं चित्र होतं आणि सगळ्या चित्रावर रवा सांडल्यासारखी कणी दिसत होती. मी ओलं फडकं आणलं आणि पुसायला लागले. जाईना. साबण लावला. ताई मागे उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, खुर्ची ओढून मला बसवलं. म्हणाल्या, ही धूळ नाही मावशी, ही गणितातली कणी आहे. थांबा, ती आपोआप जाईल. आणि खरंच, मी भांडी घासून आले तोवर ती बारीक झाली होती आणि संध्याकाळी निघताना भिंत गुळगुळीत.

त्यांनी तेव्हा जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. खरा उजेड सूर्यातून निघतो, अंगणावर आपटतो, भिंतीवर आपटतो आणि त्यातला चिमूटभर आपल्या डोळ्यात येतो. बाकीचा कुठे जातो कोणी विचारत नाही. कंप्युटरला एवढी उधळपट्टी परवडत नाही. म्हणून तो उलटा चालतो. चित्राच्या एकेका टिंबातून, म्हणजे आपल्या डोळ्याकडून, तो किरण सोडतो. किरण भिंतीला लागला की तिथून कुठल्या दिशेला जायचं ते फासे टाकल्यासारखं ठरवतो. मग जमिनीला लागतो, छताला लागतो, आणि जाता जाता खिडकीतून सूर्याला सापडला की त्या वाटेने किती उजेड आणि कुठला रंग आला ते मोजतो. असे पुष्कळ किरण सोडायचे आणि सरासरी काढायची. हळदीच्या वेळी पिवळ्या लुगड्याची झाक नवरीच्या हनुवटीखाली दिसते ना, ती या हिशेबात आपोआप उतरते. वेगळी रंगवावी लागत नाही. मला हे फार आवडलं.

कधी कधी कणी गेली तरी एखादं टिंब पांढरंफटक पेटून राहतं. एखादाच किरण चुकून लहानशा पण फार तेज गोष्टीला सापडतो आणि सरासरी बिघडवतो. ऑफिसात त्यांना काजवे म्हणतात. नजर बारीक म्हणून काजवे शोधायचं काम माझ्याकडे आलं. दिसले की बोट ठेवायचं आणि निखिलदादांना हाक मारायची. झाडू मारणारीला बसायला खुर्ची मिळाली ती अशी.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका साहेबांना देवघरात संध्याकाळचं ऊन पाहिजे होतं आणि देवघर होतं पूर्वेला. ताईंनी सांगितलं की सूर्य आम्ही जागेवरून हलवत नाही. ते म्हणाले, कंप्युटरात सगळं होतं. शेवटी ताईंनी सगळं घरच फिरवून दाखवलं. साहेब खूष झाले. मग ताईंनी खालच्या बाजूला बोट दाखवलं, आता तुमचं फाटक शेजाऱ्याच्या गोठ्यात उघडतंय. साहेबांनी चहा घेतला आणि देवघरात सकाळचंच ऊन घेऊन गेले.

खालच्या दुकानातल्या काकूंना चिक्कीच्या डब्यावर चित्र हवं होतं. सोपं वाटलं. पण चिक्की विटेच्या तुकड्यासारखी दिसायला लागली. ताई म्हणाल्या, उजेड चिक्कीवरून परत फिरत नाही, तो गुळात शिरतो, आत इकडेतिकडे धडपडतो आणि भलत्याच ठिकाणाहून बाहेर येतो. त्याचं गणित वेगळं. मग मी रोज खिडकीत चिक्कीचा एकेक तुकडा धरून उभी राहायची, जाड, पातळ, शेंगदाण्याची, तिळाची, आणि ताई कडेचा रंग बघायच्या. नमुने दुपारपर्यंत निखिलदादा खाऊन टाकायचे, म्हणून ते काम लांबलं. पण चित्र असं झालं की काकूंनी डब्याला नाक लावलं.

आणि आमच्या सगळ्या बिल्डरांना लोणावळा हवा असतो तो बिनधुक्याचा. इथे चार महिने समोरचा माणूस दिसत नाही, चित्रात मात्र डोंगराचा दगडन् दगड. ताई कधी कधी थोडं धुकं घालायच्या, फार सुंदर दिसायचं. बिल्डर ते नेहमी काढायला लावत.

आता माझ्या खऱ्या कामाचं. चित्रातल्या घरावर उजेड पडायचा तो त्या जागेचाच हवा, म्हणून तो जागेवर जाऊन आणावा लागतो. त्यासाठी आमच्याकडे एक गोळा आहे, नारळाएवढा, आरशासारखा चकचकीत. तो मोकळ्या जागेत स्टँडवर ठेवायचा. त्यात आभाळ, डोंगर, झाडं, सगळं गोल होऊन दिसतं. निखिलदादा लांबून त्याचे फोटो काढतात, आधी काळेकुट्ट, मग उजळ, मग आणखी उजळ, कारण सूर्य आणि सावली एका फोटोत मावत नाहीत. मग दुसऱ्या बाजूने तसेच. गोळ्यात निखिलदादाही दिसतात, पण एका बाजूच्या फोटोतले ते दुसऱ्या बाजूच्या फोटोने झाकून टाकता येतात. एवढं झालं की त्या जागेचा उजेड मशीनमध्ये आला.

आमच्याकडे वारा असा की स्टँड उभा राहत नाही. म्हणून खाली बसून तो धरायचं काम माझं. ताईंनी बजावलं होतं, भडक नेसू नका, रंग गोळ्यात उतरतो. मी विचार केला आणि गवतासारखी हिरवी साडी काढली. हिरव्यात हिरवी. अंग चोरून, पदर दातात धरून बसायची. फोटोत यायची मला लहानपणापासून भीती. लग्नाच्या फोटोतसुद्धा माझी नुसती मुंडावळी दिसते.

असा उजेड आम्ही पुष्कळ ठिकाणचा आणला. त्यातली काही पठारं आता राहिली नाहीत, बंगले झाले. ताईंच्या मशीनमध्ये त्यांचं आभाळ आहे, गवत आहे, सकाळचं ऊन आहे. ते मला दाखवायला सांगितलं की ताई दाखवतात. बघून झालं की मी चहा टाकायला जाते.

मग पवनेच्या धरणाजवळच्या बंगल्यांचं मोठं काम आलं. पुण्याचे बिल्डर, त्यांना सगळे शेठ म्हणत. तिथला उजेडही आम्ही तसाच आणला. त्यांना पोहण्याच्या टाक्या हव्या होत्या आणि पाण्यावरून उसळलेला उजेड ओसरीच्या छतावर हलताना दिसायला हवा होता. परातीत पाणी घेऊन उन्हात ठेवलं की आढ्याला जाळी नाचते, तेच. पण उलट्या चालणाऱ्या किरणाला ती वाट सापडणं फार अवघड. जुनं मशीन आठवडा झाला तरी नुसते काजवे देत होतं. मोठं मशीन घेणं आलं. बँकेने जुने कागद मागितले, आणि ऑफिस तर कालपरवाचं. ताई दोन दिवस नुसत्या बेरजा मांडत होत्या. काम परत करायचं आणि ऑफिस बंद करायचं, असं निखिलदादा मला जिन्यात म्हणाले.

मी त्याच दिवशी लोकलने घरी येताना ठरवलं आणि बोलून टाकलं नवऱ्यापाशी. आमचा बचत गट बँकेतून उचलून कर्ज देतो, पण फक्त सभासदाला. म्हणजे माझ्या नावावर. नवरा नवलाख उंबऱ्याला कंपनीत आहे, मशीन म्हणजे काय ते त्याला ठाऊक. तो म्हणाला, “शेळी मेली तर इमा मिळतो. ह्ये मेलं तर?” पण नाही म्हणाला नाही.

गटाची सभा समाजमंदिरात. हौसामावशी आमच्या अध्यक्ष. सिंधूताई तिच्या पिठाच्या गिरणीसाठी नंबर लावून बसलेली. मी उभी राहिले आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलले.

“मोठ्यानं बोल,” हौसामावशी म्हणाल्या, “हितं काय तुजा सासरा न्हाई बसल्याला.”

मी परत सांगितलं.

“शेळी मागितली असतीस तर दोन मिंटात सही झाली असती. ह्ये मशीन खातं काय?”

“वीज.”

“आन देतं काय?”

“उजेडाचं चित्र.”

सगळ्या हसल्या. मला खाली बसावंसं वाटलं. मग एकदम आणेवारी आठवली. आमच्या गावात भाताच्या दिवसांत सरकारी माणसं येतात. शेतात दोरीने एक तुकडा आखतात, तेवढाच कापून, झोडून, तोलतात आणि त्यावरून साऱ्या गावाचं पीक किती ते ठरवतात. ती आणेवारी. ती वर गेली की पुढे काही मदत मिळत नाही, म्हणून दरवर्षी भांडणं.

मी म्हणाले, “तुकडा कसा आखत्यात, म्हाईत हाय ना? ह्ये मशीन तसंच करतं. समदा उजेड मोजाय गेलं तर जलम पुरायचा न्हाई. म्हून हितला एक किरण, तितला एक किरण धरून आनेवारी काढतं. दर टिंबाची येगळी.”

सिंधूताई तावातावाने म्हणाली, “आन त्यांनी पाटाकडचाच तुकडा धरला तर? आमी टेकडावरल्यांनी काय करायचं?”

“त्येच सांगती. थोडं तुकडं धरलं की चूक मोठी. चौपट धरलं की चूक निम्मी व्हती. आनखी चौपट केलं की निम्म्याची निम्मी. म्हून मोठं मशीन पायजे.”

“पर तुकडा कुटला धरायचा त्ये कोन ठरवतं?” हौसामावशींनी विचारलं.

ताईंनी हे मला शिकवलं होतं. जिकडून उजेड यायची आशा जास्त, तिकडे जास्त किरण पाठवायचे, खिडकीकडे वगैरे. पण तिकडे जास्त पाठवले म्हणून त्यातल्या प्रत्येकाचं वजन तेवढं कमी धरायचं. नाहीतर हिशेब खोटा. ते मी सांगितलं.

हौसामावशींनी बोटांवर हिशेब केला. “म्हंजी पाटाकडं दहा तुकडं धरलं, तरी त्यांनी टेकडावरल्याला दाबायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “आपल्या आनेवारीपरीस बरं हाय. द्या हिला. पर कागदावर नाव तुजं हाय बाई. ती पोरगी पुन्याला पळाली तर हप्ता तुज्याकडनं. आन तुजा हप्ता थकला तर बँक पुढचं कुनालाच देनार न्हाई, सिंधीची गिरनी बी बोंबलली.”

सिंधूताईने माझ्याकडे पाहिलं. तिची नजर मला सहा महिने आठवत होती.

मशीन आलं. ते चालू झालं की खोली अशी तापायची की ऐन पावसाळ्यात खालच्या काकू त्यांच्या ओल्या साड्या घेऊन वर यायच्या. आमचं ऑफिस लोणावळ्यातलं एकमेव कोरडं ठिकाण. आणि चित्रं उतरली! ओसरीच्या छतावर पाण्याची जाळी आली तेव्हा ताईंनी माझा हात धरला. शेठनी त्यातलं एक चित्र भल्या मोठ्या फ्लेक्सवर छापून जुन्या हायवेला, कामशेतजवळ लावलं. पोहण्याची टाकी, कडेला पिवळ्या फरशा आणि अगदी पुढे पाय धुवायचा चकचकीत स्टीलचा नळ. फ्लेक्सवर तो नळ माणसाहून उंच.

दुसऱ्या दिवशी हौसामावशी बाजारातून टमटमने आल्या त्या थेट माझ्या दारात. पिशवी खाली ठेवली नाही.

“का गं,” त्या म्हणाल्या, “तू त्या नळात काय करतीस?”

मला वाटलं त्यांना ऊन लागलं. त्या म्हणाल्या, “हिरवी साडी, पदर दातात, उकिडवी. साऱ्या टमटमनं वळखलं तुला.”

सकाळी मी डोक्यावरून पदर ओढून हायवेच्या पलीकडे उभी राहिले. नळाच्या पोटात डोंगर, आभाळ, आणि मधोमध मी. गवतात गवतासारखी लपले होते, म्हणून गोळ्यात कुणालाच दिसले नव्हते. निखिलदादांनी स्वतःला झाकलं आणि मी राहून गेले. स्टँडशी बसल्यामुळे दोन्ही बाजूंच्या फोटोत मीच. ऑफिसात जाऊन चित्रं मोठी करून पाहिली तर गाडीच्या दारात मी, खिडकीच्या काचेत मी, किटलीत मी. जिथे चकाकी तिथे मी. निखिलदादा हसून हसून खुर्चीतून घसरले. मग शेठचा फोन आला आणि कुणी हसलं नाही.

गिऱ्हाइकं त्यांना विचारत होती, जागेत काही आहे का म्हणून. त्यांनी बिल थांबवलं. निखिलदादा म्हणाले, मावशींना पुसायचं अर्ध्या तासाचं काम आहे, मग मशीन परत चालवू. शेठ ऐकेनात. म्हणाले, “पुसलेलं नको. अजून कोण कोण बसलंय कुणास ठाऊक. नवीन उजेड आणा, माझ्यासमोर.” आणि ते तर निघाले होते परगावी.

पहिला हप्ता मी पगारातून भरला. दुसऱ्या महिन्याला ताईंकडे पगारच नव्हता. सभेत मी भिंतीला टेकून बसले. कुणीतरी मागून म्हणालं, “काय गं, नळाला पानी कवा येनार?” सगळ्या हसल्या, सिंधूताई सोडून. ती घरी जाताना माझ्याबरोबर चालली. गिरणीसाठी तिने जागा सारवून ठेवली होती.

शेठ परत आले तेव्हा आम्ही तारीख घेतली. मी हौसामावशींना सांगितलं की या वेळी स्टँड धरायला मी बसणार नाही, मग वाऱ्याला काय करायचं कळत नाही. त्या म्हणाल्या, “पहार ठोकायची. खुटा न्हाई का ठोकत? आन आमी बी येनार. पैशे आमचे हायेत.”

त्या एकट्या येतील असं वाटलं होतं. टेम्पोतून पंधरा-वीस बायका उतरल्या. सिंधूताईच्या खांद्यावर पहार. तिने ती दगडाच्या फटीत अशी ठोकली की हत्ती बांधावा. पहारीच्या टोकाला निखिलदादांनी गोळा बसवला आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की उघड्या माळावर लपायला जागाच नाही. गोळ्यात एकेक बाई दिसत होती, शेठ आणि त्यांची गाडीसुद्धा. शेवटी उताराला भाताचं एक खाचर होतं, त्याच्या बांधाआड सगळ्यांना आडवं व्हायला सांगितलं. शेठ आधी तयार नव्हते.

“झोपा शेठ,” हौसामावशी म्हणाल्या, “न्हाईतर तुमीच नळात दिसाल.”

ते झोपले. स्वच्छ सदरा घालून, माझ्या आणि सिंधूताईच्या मध्ये, चिखलात. वारा सुटला होता, पहार हलत नव्हती. निखिलदादांचा कॅमेरा लांबून वाजत होता. मध्येच एक ढग सूर्यावर आला आणि ताई ओरडल्या, कुणी उठू नका. मग कितीतरी वेळ आम्ही तसेच पडून. कुणाला तरी हसू फुटलं, मग बांधाआड सगळीकडे. शेठही हसायला लागले, तोंडावर रुमाल धरून. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, “त्या नळातल्या तुम्हीच ना?” मी मान हलवली. ते म्हणाले, “साडी चांगली आहे.”

मशीन रात्रंदिवस चाललं. मी प्रत्येक नळ, प्रत्येक काच, प्रत्येक किटली बोटाने तपासली. माळ, डोंगर, आभाळ आणि मधोमध एक बारीक काळी रेघ. ती सिंधूताईची पहार. शेठना दाखवली. ते म्हणाले, राहू दे. बिल निघालं. थकलेला हप्ता भरला, गिरणीचा कागद पुढे सरकला.

जुना फ्लेक्स शेठ फेकून देणार होते. आमच्याकडे फ्लेक्स कोणी फेकत नाही. हौसामावशींनी तो टेम्पोत घालून आणला आणि आपल्या अंगणात पेंढ्याच्या गंजीपासून जांभळीपर्यंत मांडवासारखा ताणून बांधला. त्या वर्षी भात झोडून झाल्यावर गटाची सभा तिथेच बसली. ऊन फ्लेक्समधून झिरपत होतं. पिवळ्या फरशांखाली बसलेल्या बायका हळदीतल्यासारख्या पिवळ्या दिसत होत्या आणि त्यांचा पिवळा हौसामावशींच्या पांढऱ्या लुगड्यावर उतरला होता. मी वर पाहिलं नाही. नळ नेमका माझ्या डोक्यावर होता.

केतकीताई स्वतः आल्या होत्या, काकूंच्या चिक्कीचे डबे घेऊन. शेवटचा हप्ता त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, तुमच्या नावावर आहे, तुम्हीच द्या. मी उठले, हौसामावशींसमोर गेले आणि पैसे ठेवले. त्यांनी बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या, सिंधूताईकडे दिल्या, तिनेही मोजल्या. तिच्या हाताला गिरणीचं पीठ होतं, ते नोटांना लागलं.

“बराबर?” हौसामावशींनी विचारलं.

“व्हय. समदे फिटले.”

“मोठ्यानं सांग,” हौसामावशी म्हणाल्या, पण सिंधूताईला नाही, मला.

मी सांगितलं. समदे फिटले. मागच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं.